उंबरठ्याच्या आंत आलेलें पिल्लूं

घराचा इतिहास लिहितांना आपण खण मोजतों, खरेदीखतें व वाटणीपत्रें चाळतों, आणि त्या घरांत कोण जन्मलें, कोण गेलें, याची वंशावळ मांडतों. त्याच घराच्या दारांत पिढ्यान्‌पिढ्या जो प्राणी बसून होता, त्याची नोंद मात्र कोठेंच आढळत नाहीं. कुत्र्याचें नांव वंशावळींत नसतें, शिधापत्रिकेवरहि नसतें. तरी घर बदललें कीं त्या बदलाचा धक्का सर्वांआधीं आणि सर्वांत उघडपणें त्यालाच बसतो. माणसें बदलाचें दुःख मनांत ठेवतात. कुत्र्याचें पिल्लूं तें चपलेवर, उशीवर आणि दाराच्या चौकटीवर दांतांनीं लिहून ठेवतें. या दंतलेखाचें वाचन करावें, असा प्रस्तुत निबंधाचा हेतु आहे. पिल्लाच्या ज्या वर्तनास आपण खोड्या म्हणतों, त्यांतील पुष्कळशा खोड्या पिल्लाच्या नसून घराच्या इतिहासाच्या आहेत, असें मला वाटतें. हें म्हणणें पटवून देण्यासाठीं उदाहरण म्हणून मिरा-भाईंदर हें शहर घेतों. कारण घर बदलण्याची जी क्रिया अन्यत्र शतकभर चालली, ती येथें एका पिढीच्या डोळ्यांदेखत घडली आहे.

वसईच्या खाडीच्या दक्षिण कांठावरचा हा मुलूख. एका बाजूस घोडबंदर, दुसऱ्या बाजूस समुद्राला लागून उत्तन, पाली व चौक हीं कोळ्यांचीं गांवें, आणि मध्यें भातखाचरें, खारजमिनी व मिठागरें. १७३९ च्या वसईच्या मोहिमेंत चिमाजी आप्पांच्या फौजेला ज्या धारावी किल्ल्यासाठीं झुंजावें लागलें, तो याच भूमीवर. पुढें एकोणिसाव्या शतकांत आगगाडी आली, खाडीवर पूल झाला, तरीहि गांवें गांवेंच राहिलीं. १२ जून १९८५ रोजीं भाईंदर, मिरा, काशी, नवघर व घोडबंदर या पांच ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद स्थापन झाली, आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजीं तिची महानगरपालिका झाली. १९९१ च्या शिरगणतींत येथील वस्ती सुमारें १ लक्ष ७५ हजार होती. २००१ सालीं ती ५ लक्ष २० हजारांच्या घरांत गेली आणि २०११ सालीं ८ लक्ष ९ हजारांवर पोंचली. मुंबईंत जागा परवडेना म्हणून लालबाग-गिरगांवच्या चाळींतून, कोंकणांतून, घांटावरून, गुजराथ-राजस्थानांतून आणि उत्तर हिंदुस्थानांतून लोक येथें आले व चार-चार मजल्यांच्या इमारतींतील दोन-अडीच खोल्यांत त्यांनीं संसार मांडले.

या आंकड्यांत कुत्र्याचा संबंध काय, असें वाचक विचारतील. संबंध अंगणाचा आहे. आगऱ्याच्या किंवा कोळ्याच्या जुन्या घराला ओटी होती, पडवी होती, पुढें अंगण आणि मागें परसूं होतें. कोंकणांतून किंवा देशावरून आलेल्या कुटुंबाच्या मूळ घरींहि थोड्याफार फरकानें तीच मांडणी होती. या मांडणींत कुत्र्याची जागा ठरलेली असे. तो घराचा होता, पण घरांत नव्हता. उंबरठा ही त्याची सीमा. सकाळीं शिळी भाकरी, रात्रीं उरलेलें कालवण, पावसाळ्यांत पडवीचा कोपरा, आणि त्याच्या मोबदल्यांत रात्रभर राखण. त्याला कोणी शिकवलें नाहीं, कीं फिरावयास नेलें नाहीं. मोत्या, वाघ्या, खंड्या, राजा, अशांपैकीं एखादें नांव त्याला मिळे आणि तेवढ्यावर दोन्ही पक्षांचा करार पुरा होई. मिरा रोडच्या तिसऱ्या मजल्यावर हा करार पाळण्याजोगी जागाच उरली नाहीं. तेथें दाराबाहेर जिना आहे आणि जिना सर्वांचा आहे. म्हणून पिल्लूं पाळावयाचें तर तें उंबरठ्याच्या आंतच घ्यावें लागतें.

या प्राण्याचें आणि माणसाचें नातें किती जुनें आहे, याचा एक हृद्य पुरावा जर्मनींत सांपडला आहे. बॉन शहराजवळ ओबरकासेल येथें १९१४ सालीं दगडाच्या खाणींत एक पुरुष व एक स्त्री यांच्या अस्थींबरोबर एका कुत्र्याच्या अस्थि मिळाल्या. हें दफन सुमारें चौदा हजार वर्षांपूर्वींचें आहे. २०१८ सालीं त्या कुत्र्याच्या दांतांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हां कळलें कीं तें केवळ सात महिन्यांचें पिल्लूं होतें, आणि मरणापूर्वीं डिस्टेंपर नांवाच्या प्राणघातक रोगानें तें आठवडेच्या आठवडे आजारी होतें. अशा अवस्थेंत तें शिकारीला उपयोगी नव्हतें, राखणीलाहि नव्हतें. तरीहि कोणीतरी त्याला पाणी पाजलें, ऊब दिली, त्याची घाण साफ केली. एरवीं तें इतके दिवस जगतेंच ना. शेतीचा शोध लागण्याच्या पुष्कळ आधीं माणूस पिल्लाची शुश्रूषा करीत होता, हें त्या दांतांवरून सिद्ध झालें.

आपल्या महाराष्ट्रांतील पुरावाहि कमी मोलाचा नाहीं. अहिल्यानगर जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें १९७४ सालीं एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचें मूळ खणतांना चार ओतीव प्रतिमा मिळाल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ. त्या सुमारें चार हजार वर्षांपूर्वींच्या असाव्यात, असें पुष्कळ विद्वान मानतात. रथांत सारथी उभा आहे, पुढें बैलजोडी आहे, आणि दोहोंच्या मध्यें रथाच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. कारागिराला त्याच्यावांचून रथ पुरा वाटला नाहीं. जेथें धनी जाईल तेथें कुत्रा जाईल, ही गोष्ट त्या काळींहि सांगावी न लागण्याइतकी परिचित होती, असा याचा अर्थ मी करतों.

पण ग्रंथ व धर्म यांच्याकडे वळलें कीं या नात्यांत एक विलक्षण दुटप्पीपणा दिसूं लागतो. दत्तात्रेयांच्या पायांशीं चार कुत्रे आहेत आणि ते चार वेद आहेत, असें आपण मुलांना सांगतों. खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा धांवतो आणि जेजुरीचे वाघ्ये त्या देवाचे कुत्रे म्हणवून घेण्यांत धन्यता मानतात. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणारे नामदेव हें तर प्रत्येक मराठी घरांतील चित्र. असें असूनहि त्याच घरांत सोंवळ्याच्या वेळीं कुत्रा ओटीवर चढला तर ओटी धुतली जाई, आणि कोणाला हिणवावयाचें तर त्याच प्राण्याचें नांव पुरे होई. तसबिरींत वंद्य आणि दारांत निषिद्ध, अशा दोन टोंकांमध्यें आपण त्याला उभें केलें होतें.

महाभारतकारांनीं या दुटप्पीपणावर नेमकें बोट ठेवलें आहे. या ग्रंथाच्या शेवटीं धर्मराज कुत्र्यावांचून स्वर्गांत जाण्याचें नाकारतो, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. आरंभींची कथा तितकी ठाऊक नाहीं. कुरुक्षेत्रांत जनमेजयाचें सत्र चाललें असतां देवशुनी सरमेचें पिल्लूं तेथें आलें, आणि जनमेजयाच्या भावांनीं त्याला झोडपून काढलें. तें रडत आईकडे गेलें. तूं तेथें कांहीं अपराध केला असशील, असें आई म्हणाली. मीं हविर्द्रव्याकडे पाहिलेंहि नाहीं आणि तें चाटलेंहि नाहीं, असें तें म्हणालें. सरमा सत्रांत जाऊन जाब विचारते. कोणाला उत्तर देतां येत नाहीं. तेव्हां ती राजाला अकल्पित भयाचा शाप देऊन निघून जाते. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ ते १९६६ पर्यंत खपून सिद्ध केलेल्या चिकित्सित आवृत्तींतहि ही कथा आदिपर्वाच्या प्रारंभींच आहे. एवढ्या मोठ्या युद्धकाव्याच्या दारांत एक निरपराध पिल्लूं रडत उभें असावें, याला मी योगायोग मानीत नाहीं. उद्यां करील अशा भीतीनें आज दिलेली शिक्षा, हाच त्या कथेचा विषय आहे. आणि पिल्लूं पाळणाऱ्या प्रत्येक घराला तो विषय लागू आहे.

मराठेशाहींत आलों कीं कुत्रा एकदम पालखींत बसलेला दिसतो. साताऱ्याच्या शाहू महाराजांचा खंड्या प्रसिद्ध आहे. शिकारींत वाघापासून त्यानें महाराजांचे प्राण वांचविले म्हणून त्याला जहागीर व पालखीचा मान मिळाला. इंद्रोजी कदम नांवाचा एक डौली सरदार भेटीस आला असतां महाराजांनीं खंड्याला जरीचे कपडे व दागिने घातले आणि आपलें पागोटें त्याच्या मस्तकीं ठेवून दरबार भरविला, ही हकीकत ग्रँट डफनें आपल्या इतिहासांत नमूद केली आहे. माहुलीच्या संगमावर खंड्याची समाधि दाखवितात. रायगडावरील वाघ्याची गोष्ट वेगळी. तेथील स्मारक १९३६ सालचें. शिवकालीन कागदपत्रांत अशा कुत्र्याचा आधार मिळत नाहीं. २०१२ सालीं तो पुतळा उखडून टाकण्यांत आला व पुन्हा बसविण्यांत आला, आणि २०२५ सालीं तो वाद पुन्हा पेटला. पुराव्याचा प्रश्न इतिहासकारांनीं सोडवावा. मला येथें एवढेंच दिसतें कीं, एकनिष्ठेची मूर्ति हवी झाली तेव्हां लोकांच्या मनांत माणसाऐवजीं कुत्रा आला. मात्र खंड्या काय किंवा वाघ्या काय, दोघेहि पराक्रमानें मोठे झाले. पराक्रम न करणाऱ्या, नुसत्या वाढत्या वयाच्या कुत्र्याला समाधि कोण बांधणार?

अशा सामान्य कुत्र्याचा प्रश्न राज्यकर्त्यांपुढें प्रथम उभा राहिला तो मुंबईंत. कोटांतील भटके कुत्रे उन्हाळ्यांत व पावसाळ्यानंतर ठराविक मुदतींत मारण्याचा नियम कंपनी सरकारनें १८१३ पासून चालविला होता. १८३२ सालीं ती मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढविण्यांत आली. दर कुत्र्यामागें आठ आणे बक्षीस असल्यामुळें शिपाई घरांच्या आवारांत शिरून पाळलेले कुत्रेहि ओढून नेऊं लागले. पारशी समाजांत कुत्र्याला धर्मकृत्यांत स्थान आहे. मृताला कुत्र्याची दृष्टि घडविणें हा त्यांचा विधि. त्यामुळें ६ जून रोजीं पारशांनीं शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशीं बाजार बंद पडला, हिंदु, जैन व मुसलमान व्यापारीहि त्यांत सामील झाले, गोऱ्या पलटणीची रसद अडली आणि सरकारला लष्कर बोलवावें लागलें. दोन वर्षांनीं, १८३४ सालीं, सर जमशेटजी जिजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकारानें मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. या दंग्याकडे इतिहासकार बहुधा धर्मभावनेचें किंवा व्यापाऱ्यांच्या प्रतिष्ठेचें प्रकरण म्हणून पाहतात. मला त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. घरचा कुत्रा कोणता आणि रस्त्याचा कोणता, ही रेघ आपल्या लोकांनीं कधीं ओढलीच नव्हती. तो दारचा होता. सरकारनें ती रेघ ओढावयास सांगितली आणि तेव्हांपासून आजपर्यंत ती नीट ओढली गेलेली नाहीं.

सरकारच्या बाजूलाहि न्याय दिला पाहिजे. पिसाळलेल्या कुत्र्याची भीति खोटी नव्हती. पाश्चरनें १८८५ च्या जुलै महिन्यांत आपली लस प्रथम एका मुलाला टोंचली, त्यापूर्वीं या रोगावर उपायच नव्हता. हिंदुस्थानांत १९०० सालीं कसौली येथें पाश्चर संस्था निघाली. पुढें परळच्या हाफकिन संस्थेंतहि ही लस तयार होऊं लागली. पोटांत घ्यावयाच्या चौदा टोंचण्यांची धास्ती आपल्या वडील पिढीला अजून आठवते. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं ती जुनी लस बंद होऊन थोड्या टोंचण्यांची नवी लस सर्वत्र आली. आजहि लक्षणें दिसूं लागल्यावर हा रोग बरा होत नाहीं. म्हणून तीन महिन्यांच्या पिल्लाला पहिली लस व नंतर वेळच्या वेळीं पुढील लसी देणें, ही हौस नसून शेजारधर्म आहे. उंबरठ्याच्या आंत घेतलेल्या कुत्र्याचें पहिलें कर्तव्य धन्यानें पार पाडावयाचें असतें, तें हें.

आतां तिसऱ्या मजल्यावरील घराकडे वळूं. अंगणांतील पिल्लाला आई असे, भावंडें असत. चावा किती जोरानें घेतला असतां दुसरा कळवळतो, हें तें भावंडांशीं खेळतांना शिके. स्कॉट व फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत दाखविलें आहे कीं, तिसऱ्या आठवड्यापासून सुमारें बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या आयुष्यांत निर्णायक असतो; या काळांत ज्यांचा परिचय होतो त्यांनाच तें पुढें आपलें समजतें. नेमक्या याच काळांत आपण त्याला आईपासून तोडून दोन खोल्यांत आणतों. मग चौथ्या महिन्यांत त्याचे दुधाचे दांत पडूं लागतात. अठ्ठावीस दांत जाऊन बेचाळीस यावयाचे, आणि हें काम सातव्या महिन्यापर्यंत चालावयाचें. हिरड्या शिवशिवतात, कांहींतरी चावल्याशिवाय त्याला राहवत नाहीं. परसांत लांकडें होतीं, नारळाची सोडणें होतीं, हाडें होतीं. येथें चप्पल आहे, दूरदर्शनसंचाची तार आहे, आणि मुलाच्या परीक्षेची वही आहे. मातींत खणणें हा परसांत गुन्हा नव्हता. गादींत खणणें हा आहे. अनोळखी माणसावर भुंकणें ही ओटीवर चाकरी होती. भिंतीला भिंत लागली कीं तोच उपद्रव ठरतो. पिल्लूं तेंच आहे. त्याच्या भोंवतालची जागा तेवढी गेली.

त्यांत घरहि स्थिर राहत नाहीं. या शहरांतील पहिल्या फळीच्या इमारती आतां चाळीस वर्षांच्या झाल्या असून पुनर्बांधणीसाठीं एकेक पाडल्या जात आहेत. कुटुंबाला तीन-चार वर्षें भाड्याच्या घरांत काढावीं लागतात. करार अकरा महिन्यांचे, आणि प्रत्येक नव्या घरमालकाचा पहिला प्रश्न, कुत्रा आहे काय? कोठें सून येते, बाळंतपण होतें. कोठें मुलगा परदेशीं जातो आणि म्हातारा-म्हातारी मागें राहतात. सामान बांधावयास काढलें कीं पिल्लूं खोक्यांभोंवतीं फिरूं लागतें. त्याचें घर म्हणजे वासांचा एक नकाशा असतो. कपाट हललें कीं तो नकाशा फाटतो. मग शिकलेलें विसरून तें नको तेथें लघवी करतें, रात्रीं विव्हळतें, एकटें ठेवलें तर दार ओरबाडतें. घरांतील माणसें त्याच वेळीं थकलेलीं असतात, आणि त्यांतहि पुसण्याचें व धुण्याचें काम बहुधा एकाच व्यक्तीवर, घरच्या गृहिणीवर, येऊन पडतें. मुलांनीं हट्ट करावा, वडिलांनीं परवानगी द्यावी आणि आईनें पहाटे उठावें, ही वांटणी कुत्र्यानें केलेली नाहीं. पिल्लाच्या खोडींत घरांतील श्रमांची ही जुनी विषमताहि उघडी पडते, आणि कित्येकदां चिडण्याचें खरें कारण तेंच असतें.

अशा वेळीं पुष्कळ घरांतून जो निर्णय घेतला जातो, त्यासाठीं हा सारा प्रपंच मांडला आहे. ‘थोडे दिवस गांवीं पाठवूं’, ‘बाजारापाशीं सोडलें तर कोणी ना कोणी खाऊं घालील’, असें म्हणून पिल्लूं बाहेर काढलें जातें. दारचा कुत्रा दाराबाहेरच होता. त्याला बाहेर काढतां येत नव्हतें. आंत वाढलेल्या कुत्र्याला बाहेरचें जग ठाऊक नसतें. त्याला रस्ता ओलांडतां येत नाहीं, दुसऱ्या कळपाची हद्द ओळखतां येत नाहीं, आणि खाणें मिळविण्याची विद्याहि नसते. तो मरतो, नाहींतर भेदरून चावूं लागतो; आणि मग तोच ‘भटका कुत्रा’ म्हणून नगराच्या प्रश्नांत जमा होतो. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें पाळीव प्राणी टाकून देणें हा अपराध ठरविला आहे. २००१ च्या नियमांनीं भटक्या कुत्र्यांचें निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यांना मूळ जागीं सोडण्याची पद्धति घातली, आणि २०२३ सालीं ते नियम नव्यानें करण्यांत आले. २०२५ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें तोच वाद पुन्हा गाजला. एका बाजूस चावलेल्या मुलांचे आईबाप आणि दुसऱ्या बाजूस कुत्र्यांना खाऊं घालणारे. दोन्ही बाजूंना दुःख खरें आहे. पण १८३२ पासूनच्या या वादांत एक पक्षकार सदैव गैरहजर राहिला आहे. ज्यानें पिल्लूं हौसेनें घरांत आणलें आणि अडचणीच्या दिवशीं खालीं सोडलें, तो.

शाहू महाराजांप्रमाणें जहागीर देण्याचें सामर्थ्य कोणाच्याहि दोन खोल्यांत नाहीं, आणि त्याची जरूरीहि नाहीं. पिल्लाला लागतें तें फार थोडें. दांत येईपर्यंत चावावयास एक ओलें जाड फडकें किंवा दोरीची गांठ. दिवसांतून दोन वेळां, त्याच वेळीं, त्याच वाटेनें फिरणें. स्थलांतराच्या दिवसांत सर्व सामान बांधलें तरी त्याचें जुनें, वासाचें अंथरूण शेवटपर्यंत न धुतां ठेवणें आणि नव्या घरांत तेंच सर्वांआधीं पसरणें. आणि पुसण्याधुण्याच्या कामांत घरांतील प्रत्येकाचा वांटा. वर्ष-दीड वर्षांत दांत स्थिर होतात, बुद्धीहि स्थिर होते. एवढा अवधि ज्या घराजवळ नाहीं, त्यानें पिल्लूं आणूं नये, आणि त्यांत कमीपणाहि मानूं नये. ज्यानें आणलें त्यानें मात्र एवढें ध्यानांत ठेवावें कीं, अंगणाचा जुना करार आतां रद्द झालेला आहे. त्या करारांत कुत्रा राखण करी आणि धनी तुकडा टाकी. उंबरठ्याच्या आंत घेतल्यावर राखणीचें काम आपल्याकडे येतें, आणि दार लावून घेण्याची मुभा उरत नाहीं.